जुलैत परत येता येत नाही : ठाण्यातल्या एका घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

मी ठाण्यात समुपदेशक म्हणून काम करते. माझ्याकडे येणाऱ्यांत जहाजावर नोकरी करणाऱ्यांची कुटुंबं बरीच असतात. त्यामुळे ‘कर्ता माणूस सहा-आठ महिने बाहेर आणि घरात आजारपण’ हा प्रश्न मला नवा नव्हता. या प्रकरणात मी तोच चष्मा लावून बसले आणि तिथेच चुकले. ते पुढे येईलच. कुटुंबाच्या संमतीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि सगळ्यांना नात्यानेच संबोधलं आहे.

घर वागळे इस्टेटच्या बाजूला, तीस-एक वर्षं जुन्या सोसायटीत. अण्णा, वय ६७, कारखान्यातून निवृत्त. आई. मुलगा चौतिशीचा, आयटीआय करून जनरेटर दुरुस्तीत मुरलेला. सून महापेला नोकरीला जाते. त्यांची मुलगी बालवाडीत. आणि अण्णांचे थोरले बंधू, म्हणजे घरातले मोठे काका. ते लष्कराच्या तांत्रिक विभागातून निवृत्त झालेले, राहायला नौपाड्यात. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला काका अंटार्क्टिकातल्या मैत्री या भारतीय संशोधन केंद्रावर पूर्ण हिवाळा राहून आले होते. पुतण्या लहानपणापासून त्या गोष्टी ऐकत वाढला आणि संधी येताच त्याने जनरेटर सांभाळण्याच्या कामासाठी अर्ज केला.

अंटार्क्टिकाच्या मोहिमा गोव्यात वास्कोला असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रामार्फत जातात. दिल्लीत ‘एम्स’मध्ये कसून तपासणी, औलीला बर्फातलं प्रशिक्षण, मग केपटाऊनहून विमानाने रशियन केंद्राजवळच्या बर्फाच्या धावपट्टीवर उतरायचं आणि तिथून मैत्री. मुलगा नोव्हेंबरात गेला. परतायचं वर्षभराहून जास्त काळाने. ही विमानं साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढीच येतात. त्यानंतर जो आत राहिला तो राहिला.

काकांचं मैत्री, मुलाचं मैत्री

हा भाग थोडा लांबेल, कारण घरातल्या वादाचं मूळ इथेच आहे.

भारताची पहिली मोहीम ६ डिसेंबर १९८१ ला गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ ला अंटार्क्टिकावर पोचली. पहिलं केंद्र, दक्षिण गंगोत्री, तिसऱ्या मोहिमेने १९८३-८४ मध्ये उभारलं, तेही समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या जाड थरावर. वर बर्फ साचत गेला आणि काही वर्षांतच ते गाडलं जाऊ लागलं. म्हणून १९८९ मध्ये मैत्री बांधलं गेलं ते खडकावर, शिर्माखर नावाच्या उघड्या टापूत, प्रियदर्शिनी तळ्याच्या काठी. केंद्राचं पाणी याच तळ्यातून येतं. ‘ठाण्याच्या माणसाला तळ्याकाठी राहायची सवय असतेच,’ असं काका म्हणतात आणि दर वेळी स्वतःच हसतात.

काकांच्या काळात टपाल जहाजाने यायचं आणि जहाज वर्षातून एकदा, उन्हाळ्यात. उपग्रहावरून फोन करता यायचा, पण मिनिटाचा खर्च एवढा की पाळी लावून मोजकं बोलायचं. बोलण्याआधी कागदावर मुद्दे लिहून ठेवायचे आणि फोन ठेवल्यावर लक्षात यायचं की महत्त्वाचं राहूनच गेलं. मे अखेरपासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत सूर्य उगवत नाही. हिमवादळ सुरू झालं की एका इमारतीतून दुसरीकडे जाताना बांधलेला दोर धरून चालायचं. घर ही आठवण्याची गोष्ट होती, रोज ऐकू येणारी नव्हे.

अंधार, वादळ आणि दोर आजही तसेच आहेत. बदलली ती तार. आता केंद्रावर उपग्रहाचं इंटरनेट आहे. वेग बेताचा, पण व्हॉट्सअ‍ॅप चालतं आणि हवामान बरं असेल तर व्हिडिओ कॉलही लागतो. मुलगा रात्री मुलीला गोष्ट सांगायचा. सोसायटीच्या ग्रुपवर टँकर किती वाजता येणार हे त्याला वर राहणाऱ्या शेजाऱ्यांच्या आधी कळायचं. टपालही चालू आहे म्हणा. ५ एप्रिल २०२४ ला भारती या भारताच्या तिसऱ्या केंद्रावर टपाल शाखा सुरू झाली, तिचा पिन कोड एमएच-१७१८. काकांनी त्या बातमीचं कात्रण जपून ठेवलं आहे. पण आता तिथून पत्र पाठवायचं ते शिक्क्यासाठी, खबरबात कळवण्यासाठी नाही.

अडचण

जुलैच्या पहिल्या आठवड्यात अण्णांच्या छातीत दुखलं. अँजिओग्राफीत तीन ठिकाणी अडथळे निघाले आणि डॉक्टरांनी बायपास सांगितली. लगेच आजच्या आज नाही, पण दोन-तीन आठवड्यांत. तारीख महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यातली मिळाली.

रुग्णालयाच्या खाटेवरच अण्णांनी सांगून टाकलं, ‘पोराला यातलं काही कळता कामा नये.’ आईने मान डोलावली. काकांनी ‘योग्य आहे’ म्हटलं. सून काही बोलली नाही. पण रोज रात्री फोन तिच्या हातात असायचा. ‘अण्णा कुठेत?’ झोपलेत. ‘आज पण?’ औषधाने झोप येते त्यांना. ‘कसलं औषध?’ सर्दीचं, पावसाळा आहे ना. चौथ्या दिवशी ती माझ्याकडे आली तेव्हा तिने मोबाइलमध्ये केलेली यादी दाखवली : कोणत्या दिवशी काय खोटं सांगितलं त्याची. विसरलं तर पकडली जाईन म्हणून तिने ती लिहून ठेवली होती. मुलीलाही शिकवावं लागलं होतं की आजोबा दवाखान्यात आहेत हे बाबांना सांगायचं नाही. ‘हे मला सगळ्यात जास्त लागलं,’ ती म्हणाली.

पहिला निर्णय : कोणाशी बोलायचं?

सून माझी अशील, पण गुपित अण्णांचं. स्वतःच्या आजाराबद्दल कोणाला सांगायचं हे ठरवण्याचा हक्क त्यांचा. त्यामुळे मी सुनेला ‘सांगून टाक’ असा सल्ला दिला नाही आणि आजही देणार नाही. घरच्या सगळ्यांनी एकदा एकत्र बसावं असं सुचवलं. बैठक रविवारी त्यांच्याच घरी झाली. बाहेर मुसळधार पाऊस होता आणि काका नौपाड्याहून भिजत आले होते.

पर्याय, आणि त्यांमागची माणसं

कागदावर पर्याय चार होते. काहीच न सांगता तो परत येईपर्यंत थांबणं. लगेच सगळं सांगणं. शस्त्रक्रिया होऊन गेली की सांगणं. किंवा आधी केंद्राच्या लीडरला आणि तिथल्या डॉक्टरांना कळवून, त्यांच्या मदतीने मुलाला सांगणं.

पहिल्या पर्यायाच्या बाजूने काका ठामपणे उभे राहिले आणि त्यांचा युक्तिवाद कच्चा नव्हता. जुलैत तिथून कोणी येऊ शकत नाही. जहाज नाही, विमान नाही. बातमी कळून तो करणार काय? वर तो जनरेटर सांभाळतो. जनरेटर थांबला तर केंद्र गारठतं. बाहेर उणे पंचवीस असताना त्या माणसाचं डोकं ठिकाणावर हवं. मग त्यांनी शेजारच्या रशियन केंद्रातली प्रसिद्ध गोष्ट सांगितली. नोवोलाझारेव्हस्काया केंद्रावरचे डॉक्टर लिओनिद रोगोझोव्ह यांनी १९६१ साली स्वतःचं अपेंडिक्स स्वतःच कापून काढलं, कारण केंद्रावर दुसरा डॉक्टर नव्हता. ‘तिथे माणूस एकटा असतो. त्याच्यावर आणखी ओझं टाकू नये.’ आणि सुनेकडे वळून, ‘तुला नाही कळायचं ते. बायकामाणसांना तिकडची कल्पना नसते.’

सून शांतपणे म्हणाली, ‘अदिती पंत तुमच्या आधी जाऊन आल्यात, काका. तिसऱ्या मोहिमेत.’

हे काकांना माहीत होतंच. ते गप्प झाले. मग तिने दुसरी गोष्ट काढली. तिने रोगोझोव्हबद्दल वाचलं होतं. ते एकटे नव्हते. एक हवामानशास्त्रज्ञ हाताशी अवजारं देत होता आणि एका मेकॅनिकने आरसा धरला होता. ‘आपलाही मेकॅनिकच आहे,’ ती म्हणाली. ‘त्याला आरसा धरू द्या ना.’

खोलीतला ताण बदलला तो मात्र काकांमुळेच. त्यांनी स्वतःहून सांगितलं, काहीसं जिंकण्याच्या सुरात, की त्यांची आई त्यांच्या हिवाळ्यात ऑगस्टमध्ये गेली आणि ती बातमी त्यांना परतीच्या जहाजावर सांगण्यात आली. ‘तेच बरं झालं. काम नीट झालं माझं.’ मग जरा थांबून त्यांनी जोडलं की मधल्या महिन्यांत त्यांनी आईला पत्र लिहिलं होतं, मैत्रीच्या टपाल शिक्क्याचं. तेही त्याच जहाजाने आलं. ते अजून कपाटात आहे. ‘फोडलं नाही कोणी. कोणी फोडायचं?’

अण्णांना या पत्राबद्दल ठाऊक नव्हतं. भाऊ असून.

मी इथे बोलायला हवं होतं. मला दिसत होतं की काकांचा अनुभव त्यांच्या निष्कर्षाच्या उलट बाजूला झुकतोय. दुसरी गोष्टही दिसायला हवी होती, ती मला बऱ्याच उशिरा दिसली. काकांच्या वेळी घर गप्प राहिलं, कारण बोलण्याची सोयच जवळपास नव्हती. पत्र वर्षाला एकदा, फोन मोजका. तिथे मौन ही परिस्थिती होती. आता फोन रोज लागतो. आता गप्प राहायचं तर कोणाला तरी रोज रात्री साडेनऊला खोटं बोलावं लागतं आणि ते काम काका करणार नव्हते, अण्णाही नाही.

मी त्याऐवजी मध्यममार्ग काढला. मी लीडर आणि डॉक्टरांमार्फत सांगण्याचा पर्याय मांडला. अण्णांनी तो धुडकावला : ‘परक्यांना आधी आणि पोराला नंतर?’ शेवटी ठरलं ते तिसरं. शस्त्रक्रिया होऊ द्यायची, चोवीस तासांत मुलाला सांगायचं, तेही अण्णांनी स्वतः बोलायच्या स्थितीत आल्यावर. सुनेने अट घातली की तोवर ती फोनवर खोटं बोलणार नाही. ‘अण्णा कामात आहेत’ एवढंच सांगेल, मुलीला शिकवणार नाही. सगळे उठले तेव्हा मला समाधान वाटलं होतं. आता आठवून अवघडल्यासारखं होतं.

काय झालं

अण्णांचा रक्तगट बी निगेटिव्ह. शस्त्रक्रियेच्या चार दिवस आधी रुग्णालयाने रक्तदाते आणायला सांगितलं. आईने शेजारणीला विचारलं, शेजारणीने सेक्रेटरींना, आणि सेक्रेटरींनी चांगल्या मनाने सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं : अमुक विंगमधल्या अण्णांच्या बायपाससाठी बी निगेटिव्ह रक्त हवं, कृपया संपर्क साधा. खाली आईचा नंबर.

मुलगा त्या ग्रुपवर होता. हे कोणाच्याच लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. सगळ्यांत खुळी बाब म्हणजे त्याचा स्वतःचा गटही बी निगेटिव्ह.

त्याने मेसेज वाचला, ‘सीन’ झाला आणि मग तीन दिवस घरी फोन नाही. सुनेचे मेसेज पोचत होते, उत्तर नव्हतं. घरात पहिल्यांदाच सगळ्यांना एकाच वेळी कळलं की समोरून काही न कळणं म्हणजे काय. आईचं जेवण तुटलं. काका दोनदा येऊन गेले आणि काही न बोलता बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सुनेने मला न विचारता वास्कोच्या कार्यालयात फोन केला. तिथून केंद्राच्या लीडरपर्यंत निरोप गेला. या प्रकरणात वेळेवर आणि बरोबर झालेली ही एकच गोष्ट, आणि ती माझ्या सल्ल्याने झालेली नाही. नंतर कळलं ते असं : मेसेज वाचल्यावर तो पाळी नसताना जनरेटर रूममध्ये जाऊन बसला होता. लीडरने त्याला कामावरून काढलं नाही. रात्रपाळीत मात्र जोडीला दुसरा माणूस दिला आणि केंद्राच्या डॉक्टरांनी त्याच्याशी रोज बोलायला सुरुवात केली. आत्ता काम काढून घेतलं तर हातात काहीच उरणार नाही, हे त्या लीडरला माझ्याहून चांगलं कळत होतं.

वेळही वाईट होती. बंदिस्त, दूरच्या जागी राहणाऱ्यांच्या अभ्यासात एक निरीक्षण नोंदलेलं आहे : मुक्कामाचा निम्मा काळ ओलांडला की, म्हणजे तिसऱ्या चतुर्थांशात, मन सर्वांत खचतं. अर्धं झालं याचा आनंद ओसरतो आणि उरलेलं अर्धं समोर दिसू लागतं. हे निरीक्षण सगळीकडे सारखं उतरत नाही, पण या मुलाच्या बाबतीत जुळलं. २१ जूनचा मध्यहिवाळ्याचा सण होऊन गेला होता आणि सूर्य यायला काही दिवस होते.

दुसरा निर्णय

तिसऱ्या रात्री त्याचा फोन आला. सुनेसाठी नव्हता, अण्णांसाठी होता. अण्णांनी घेतला आणि पहिलं वाक्य म्हणाले, ‘तू तरी काय सांगितलंस आम्हाला?’

हा नेम अंधारातला होता, पण लागला. मुलाच्या उजव्या हाताला तीन आठवड्यांपूर्वी गरम कूलंट उडून भाजलं होतं. बरं होत होतं, पण तो कॅमेरा डाव्या हाताने धरत होता आणि सून विचारायची तर ‘चार्जर त्या बाजूला आहे’ म्हणायचा. यामुळे कोणाचं मन हलकं झालं असं नाही. सुनेचा संतापच वाढला. ती म्हणाली, दोघं बापलेक मला मधे ठेवून एकमेकांचं रक्षण करत होते आणि खोट्याची यादी मी लिहीत होते.

दरम्यान अण्णांची साखर वर गेल्याने शस्त्रक्रिया नऊ दिवस पुढे ढकलली गेली होती. या नऊ दिवसांचा उपयोग करून घेता आला, हा निव्वळ योग. मी तिसरी भेट ठेवली, या वेळी मुलगा फोनवर. मी त्याला एकच प्रश्न विचारला, जो पहिल्याच दिवशी विचारला जायला हवा होता : तुला काय कळायला हवं आहे आणि कधी?

त्याचं उत्तर कोणीच धरून चालला होता तसं नव्हतं. त्याला सगळं नको होतं. रिपोर्ट, आकडे, डॉक्टर काय म्हणाले, हे रोज नको. ‘निर्णयाच्या दिवशी सांगा. आणि गंभीर झालं तर मध्यरात्री असलं तरी सांगा. मला येता येणार नाही हे मला माहितीये. सही करताना माहीत होतं.’ मग त्याने विचारलं की शस्त्रक्रियेच्या सकाळी अण्णांशी बोलता येईल का. अण्णा म्हणाले, ‘दाढी करून देतील ते मला तेव्हा. बघ मग.’

निष्पत्ती

शस्त्रक्रियेच्या सकाळी कॉल लागला, चित्र अडकत होतं, आवाज चालू होता. चार मिनिटं. बोलणं बहुतेक जनरेटरबद्दल झालं. शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली आणि अण्णा आठव्या दिवशी घरी आले. मुलाने उरलेला काळ पूर्ण केला. भाजलेला हात बरा झाला, एका बोटावर डाग आहे.

नवरा-बायकोतलं प्रकरण एवढ्यावर मिटलं नाही. सून पुढे चार महिने माझ्याकडे येत राहिली. तिच्या दृष्टीने बायपास हा विषयच नव्हता. खोटं बोलण्याचं काम घराने न विचारता तिच्यावर टाकलं, हा होता. तो परतल्यावर दोघं मिळूनही आले. त्याबद्दल इथे लिहिणार नाही.

पुन्हा असं आलं तर

माझी मुख्य चूक आधी. मी हे जहाजावरच्या माणसाचं प्रकरण समजून हाताळलं. जहाजावरच्या माणसाला बातमी सांगायची म्हणजे पुढच्या बंदरावर उतरून घरी यायचं की नाही, हा प्रश्न असतो. बातमीला कृती जोडलेली असते. मैत्रीवर जुलैत कृती नाही. त्यामुळे ‘कळून करणार काय?’ हा काकांचा प्रश्न मला बिनतोड वाटला. त्याला उत्तर होतं : बोलता येतं. शस्त्रक्रियेआधीची चार मिनिटं हीच इथली कृती होती, आणि आमच्या मूळ योजनेत ती बसतच नव्हती. बायपास बिघडली असती तर ती चार मिनिटंही कोणाला मिळाली नसती. चोवीस तासांचा तो मुहूर्त ठरवताना मी हे मोठ्याने म्हणायला हवं होतं.

दुसरी गोष्ट, मी अनुभवी माणसाचा अनुभव आणि त्याचं मत यांत फरक केला नाही. काका तिथे राहून आले होते, म्हणून त्यांचं मत जड झालं. त्यांच्या कपाटातलं पत्र काय सांगतंय, हे त्यांना त्या बैठकीत विचारायचं धाडस मी केलं नाही. आता कोणी ‘मी त्यातून गेलोय’ म्हणालं की मी आधी ‘तेव्हा काय झालं’ ते पूर्ण ऐकते, मग ‘आता काय करावं’ विचारते.

आणि जाण्याआधीचं. वर्षभरासाठी माणूस जातो तेव्हा घरात विमा, बँक, मुलांची शाळा यावर बोलणं होतं, वाईट बातमीवर होत नाही. अशुभ वाटतं. आता अशी कुटुंबं आली की मी एका बैठकीत तीन गोष्टी ठरवून घेते. काय झालं तर कळवायचं, हे जाणाऱ्याने सांगायचं. कळवणारा माणूस एकच, आणि त्याने ते काम राजीखुशीने घेतलेलं हवं. आणि केंद्राच्या किंवा कंपनीच्या कार्यालयाचा नंबर घरात सगळ्यांकडे. आजारी माणसाने ‘सांगू नका’ म्हटलं तर काय, हा पेच यातूनही सुटत नाही. अण्णांचा हक्क होताच. पण अशा बैठकीत अण्णाही बसलेले असते, स्वतः धडधाकट असताना, तर ते काय म्हणाले असते ते निदान ऐकून ठेवता आलं असतं.

सोसायटीच्या ग्रुपमधून मुलाला काढून टाकावं, असं काकांनी त्या आठवड्यात सुचवलं होतं. तो नको म्हणाला. टँकर उशिरा येणार, लिफ्ट बंद, कोणाची तरी स्कूटर आडवी लावलीय, हे त्या अंधारात वाचायला त्याला बरं वाटत होतं.